शेवंती आणि माणिकचा पिंजरा

मी एक जुना पिंजरा आहे. सोलापुरातल्या एका पेठेत, दोन खोल्यांच्या घरात, खिडकीशेजारच्या खुंटीला मी टांगलेला असतो. माझी रुंदी दीड हात आणि उंची जेमतेम एक हात. मित्रांनो, ही मापं मी मुद्दाम सांगतो आहे. या घरात जे घडलं, त्यात माझ्या लहान आकाराचा मोठा वाटा होता. ते कबूल केल्याशिवाय मला पुढचं काही सांगता येणार नाही.

होटगीला स्टेशनच्या रस्त्यावर सिद्धाराम नावाचे एक कारागीर खिडक्यांच्या जाळ्या बनवत. त्यांच्या हातून मी घडलो. खिडक्यांतून उरलेल्या सळ्यांचा सांगाडा, त्यावर बारीक तार, खाली सरकणारा पत्र्याचा ट्रे आणि पुढे एकच दार. एका शाळेच्या गुरुजींनी मला सांगून बनवून घेतलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात माझ्यात बजरीगर जातीचे पाच छोटे पक्षी राहिले. मुलं मधल्या सुट्टीत माझ्याभोवती गोळा होत आणि म्हणत, "किती भारी पिंजरा हाय!" मला फार अभिमान वाटे. पुढे ते पक्षी म्हातारे होऊन एकेक करून गेले. गुरुजींची बदली झाली आणि मला गच्चीवर टाकण्यात आलं. चार पावसाळे मी तिथे भिजलो. माझं दार गंजलं, ट्रेला भोकं पडली. या वर्षांत माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

मग एके दिवशी बसू आला. तो त्याच शाळेचा जुना विद्यार्थी. आता पुण्यात नोकरीला होता आणि गड्ड्याच्या जत्रेसाठी सुट्टी घेऊन घरी आला होता. त्याने मला मागून घेतलं, पॉलिश पेपरने घासलं, नवा ट्रे बसवला आणि आपल्या आईकडे, गुरम्माकडे नेलं.

गुरम्मा शाळेचे गणवेश शिवते. तिचा नवरा ईश्वरप्पा कापड बेतायचा आणि ती शिवायची. दोघं समोरासमोर बसून पंचवीस वर्षं हे काम करत होती. मी घरात आलो त्याच्या सहा महिने आधी ईश्वरप्पा वारला होता. तेव्हापासून गुरम्मा कामापुरतंच बोलत असे. म्हणून बसूने तिच्यासाठी आफ्रिकन लव्हबर्डची जोडी आणली. हे मुठीएवढे पोपटच असतात. शेपूट आखूड, चोच मात्र भक्कम. मादी पिवळीधमक होती, तिचं नाव गुरम्माने शेवंती ठेवलं. नर हिरवा, लाल कपाळाचा. तो माणिक.

ते पहिलं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. दोघं काठीवर अंगाला अंग लावून बसत. माणिक दाणा खाऊन तो पुन्हा वर आणी आणि शेवंतीच्या चोचीत घाली. गुरम्मा मशीन थांबवून बघत राही. "खा गं, खा," म्हणे. "नवरा भरवतोय तर लाजतीस कशाला?" हळूहळू ती त्यांच्याशी दिवसभर बोलू लागली. भाजीला कोण आलं होतं, कुठल्या शाळेने कॉलरचा रंग बदलला, बसूचा फोन आला की नाही, सगळं ती त्यांना सांगे. मी मनात म्हणे, माझ्या गंजल्या अंगाचं सार्थक झालं.

दुसऱ्या वर्षी हुरड्याचे दिवस होते. शेजारच्या केराबाई पक्ष्यांना ज्वारीचं कोवळं कणीस घेऊन आल्या. स्वभावाने मोकळ्या, हसऱ्या बाई. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गुरम्माक्का, जोडी हाय न्हवं ही? मग मडकं कुटं हाय? मडकं बांदा की! पिल्लं हुतील."

गुरम्माला ती कल्पना फार आवडली. तिने कुंभाराकडून बाजूला भोक असलेलं छोटं मडकं आणलं आणि माझ्या कोपऱ्यात तारेने बांधलं. मित्रांनो, आधीच लहान असलेल्या माझ्या अंगातला पाव हिस्सा त्या मडक्याने अडवला. पिल्लांना बळ यावं म्हणून ती दोघांना भिजवलेले हरभरे, उकडलेलं अंडं आणि मक्याचे दाणे देऊ लागली. तेव्हा जूनच्या गणवेशांचं काम सुरू झालं होतं, त्यामुळे मशीनवरची ट्यूब उशिरापर्यंत चालू असे. पक्ष्यांचा दिवस संपतच नव्हता. यातली एकही गोष्ट तिने वाईट हेतूने केली नव्हती.

शेवंती बदलली. आधी ती कागद फाडू लागली. बेतायच्या खाकी कागदाच्या ती चोचीने लांब पट्ट्या काढी, त्या पाठीच्या पिसांत खोवून मडक्यात नेई. हे बघायला गंमत वाटे. मग ती मडक्याच्या तोंडाशी पिसं फुलवून बसू लागली. माणिक जवळ आला की चोच वासून अंगावर जाई. तो भरवायला आला तरी तिला सहन होईना. खायची वाटी मडक्याखालीच होती, त्यामुळे वाटीकडे जायलाही त्याला भीती वाटू लागली. ती मडक्यात शिरली की तो खाली उतरून घाईघाईने चार दाणे उचली आणि परत लांबच्या कोपऱ्यात जाऊन तारेला चिकटून बसे.

एका सकाळी ती त्याच्या पाठीवर चढली आणि त्याचा पाय चोचीत धरून ओढू लागली. माणिक किंचाळला. केराबाई तेव्हा दारातच उभ्या होत्या.

"अगं बाई! बगा, बगा!" त्या पोट धरून हसू लागल्या. "बायकू कशी बडवतीया नवऱ्याला! थांबा, आमच्या ह्यांना दावते." त्यांनी फोन काढून व्हिडिओ घेतला. गुरम्माही हसली. खरं सांगायचं तर कितीतरी दिवसांनी ती अशी मोठ्याने हसली होती. माणिक किंचाळत होता आणि दोघी हसत होत्या. शेवंतीने पाय सोडला तेव्हा माझ्या तारेवर रक्ताचा एक थेंब लागला होता. तो कोणालाच दिसला नाही.

संध्याकाळी बसूचा फोन आला. गुरम्माने फोन स्पीकरवर ठेवला होता.

"अव्वा, केराकाकूंनी व्हिडिओ पाठवलाय. ऑफिसात सगळे हसून हसून लोळले. शेवंती लई डेंजर हाय की!"

"आरं, त्याच्या पायाला रक्त आलंय रे. मी आत्ता बघितलं."

"नवरा-बायको हायत अव्वा. चार दिवसांत गोडी होईल. तू नको मनाला लावून घेऊस."

चार दिवस गेले, आठ गेले. शेवंतीने मडक्यात चार अंडी घातली आणि ती आणखी भडकली. आता गुरम्माचं हसू मावळलं होतं. ती जे सुचेल ते करू लागली. शेवंतीला रागावली. तिच्या अंगावर पाणी शिंपडलं. माझ्यावर चादर टाकली, तर आत अंधारात मडक्यासारखंच वाटून शेवंती जास्तच चेकाळली. मिरच्या ओवाळून दोघांची दृष्ट काढली. कोणी सांगितलं आरसा लावा, तर तिने आरसा लावला. शेवंती त्या आरशातल्या पक्ष्यावर तुटून पडली आणि मग तोच राग माणिकवर काढला. केराबाई म्हणाल्या, "त्या अंड्यांपायी चाललंय सगळं. काढून टाका अंडी." गुरम्माने अंडी काढली. शेवंतीने दहा-बारा दिवसांत पुन्हा तीन अंडी घातली आणि माणिकच्या डोक्यावरची पिसं उपटून टक्कल केलं.

"दोघांस्नी येगळं ठेवा की मग," केराबाई शेवटी म्हणाल्या.

गुरम्माने हात ठेवून मशीन थांबवलं. मग म्हणाली, "न्हाय. जोडी फोडायचं पाप माझ्या हातनं व्हायचं न्हाय."

मी तिच्या समोरच टांगलेला होतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की गुरम्मा, त्याला माझ्यातून बाहेर काढ. पण पिंजऱ्याला कुठला आवाज? माझी तार कापल्याशिवाय रुंद होत नाही. माझं दार आतून उघडत नाही. रानात मादी अशी चिडली तर नर दुसऱ्या झाडावर उडून जातो आणि भांडण तिथेच मिटतं. माझ्यात दुसरं झाड नव्हतं. माणिक उडाला की एका झेपेत माझ्या तारेवर आदळे, वळे, तर शेवंती समोर असे. तिला त्याला मारायचं होतं असं मला आजही वाटत नाही. तिला तो लांब जायला हवा होता. आणि लांब जाऊ न देणारा मी होतो.

मे महिना आला. ऊन मी म्हणत होतं. त्या दिवशी दुपारी गुरम्मा शिवलेले गणवेश दुकानात पोचवायला गेली. जाताना तिने दाराला कुलूप लावलं. थोड्याच वेळात वीज गेली आणि पंखा थांबला. पाण्याची वाटी मडक्याजवळ होती. तहानेने माणिकला धीर धरवेना. तो खाली उतरला आणि त्याने पाण्यात चोच घातली.

शेवंती मडक्यातून बाणासारखी आली. तिने त्याचा डावा पाय धरला आणि सोडलाच नाही. तो पंख फडफडवत मागे ओढत होता. दोघं ट्रेवर लोळली, वाट्या उलटल्या, पाणी सांडलं. तो सुटला तेव्हा त्याची दोन बोटं तुटली होती. तो तारेला धरून वर चढू लागला, पण पायाची पकड बसेना. ती पुन्हा आली, या वेळी तोंडावर. मी त्याला लपवू शकलो नाही. मी फक्त लोखंड होतो, आणि त्याची पाठ माझ्याच तारेला टेकलेली होती. शेवटी तो ट्रेच्या कोपऱ्यात पालथा पडला आणि हलेनासा झाला. तेव्हा शेवंती मडक्याच्या तोंडाशी जाऊन बसली. तीही धापा टाकत होती. तिच्या पिवळ्या छातीवर लाल डाग होते. कुलूप उघडल्याचा आवाज यायला त्यानंतर किती वेळ गेला मला माहीत नाही. माणिकची पाठ मधूनमधून वर-खाली होत होती, एवढंच मी बघत होतो.

गुरम्माने आत पाऊल टाकलं आणि तिच्या हातातली पिशवी गळाली.

"साकु!" ती कानडीत ओरडली. "साकु गं, पुरे! मेलं की ते लेकरू!"

तिने दार उघडून हात आत घातला. शेवंतीने तिच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. रक्त वाहू लागलं, पण गुरम्माने हात मागे घेतला नाही. तिने माणिकला उचललं, गणवेशाच्या पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि छातीशी धरलं. तिची हाक ऐकून केराबाई धावत आल्या. आत बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनीच रिक्षा थांबवली. डॉक्टरांना सगळं दाखवावं म्हणून मला खुंटीवरून काढून त्यांनी मांडीवर घेतलं. 

जनावरांच्या दवाखान्यात दानेश्वरी नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी माणिकचं रक्त थांबवलं, जखमा धुतल्या, पाय बांधला. उजव्या डोळ्यावर बॅटरी धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "काकू, हा डोळा गेला. जीव वाचेल का ते उद्यापर्यंत सांगता येणार नाही." नंतर त्या माझ्यासमोर खाली बसल्या. त्यांनी मडकं पाहिलं, अंडी पाहिली, वाटीतले हरभरे पाहिले.

"ट्यूब किती वेळ चालू असते?"

गुरम्माने सांगितलं.

"काकू, यात हिचा दोष नाही. मोठा दिवस, भरपूर सकस खाणं, अंधारी जागा आणि फाडायला कागद. हे सगळं मिळालं की तिच्या शरीराला वाटतं, आता घरटं करायचंच. मग घरट्याजवळ कोणी आलेलं तिला खपत नाही. मोठी जागा असती तर हा लांब गेला असता. इथे कुठे जाईल?"

"मग आता काय करू?" गुरम्माने विचारलं.

"आजपासून दोघं वेगळी. दोन पिंजरे, मध्ये निदान एक हात अंतर. दिसू देत, पण चोच पोचता कामा नये. अंडी लगेच काढू नका, नाहीतर ती पुन्हा घालेल. तिची ती कंटाळून उठली की मडकं काढून टाका आणि परत कधी बांधू नका. अंडं, हरभरा बंद. साधं धान्य आणि पालेभाजी. संध्याकाळी सातला तिच्या खोलीत अंधार. आणि काकू, ती शांत झाली तरी यांना एकत्र ठेवू नका."

गुरम्माचे डोळे भरून आले. "डॉक्टरीणबाई, हे जाऊन दोन वरसं होत आली. एकटं बसून घास गिळणं काय असतंय ते मला ठावं हाय. त्या मुक्या जिवाला मी हातानं तसंच करू?"

डॉक्टरांनी कापडातल्या माणिककडे बोट दाखवलं. मग त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही काकांची वाट बघता. हा तिची वाट बघत नाही. हा पळायला जागा शोधतोय."

केराबाईंनी तिथेच बाकावर बसून फोन काढला. तो व्हिडिओ त्यांनी पुसून टाकला. "मी हसले गं अक्का," त्या म्हणाल्या. "ते ओरडत हुतं आणि मी हसले."

माणिक दुसरा दिवस पाहील असं कोणालाच वाटत नव्हतं. गुरम्माने त्याला बुटाच्या खोक्यात, मऊ चिंध्यांवर ठेवलं. दर तासाला ती ड्रॉपरने त्याच्या चोचीत पातळ पेज सोडत होती. मशीन बंदच होतं. तीन दिवस तो नुसता पडून होता. चौथ्या दिवशी त्याने स्वतःहून ज्वारीचा दाणा फोडला. तो कट्ट असा आवाज ऐकून गुरम्मा भिंतीला टेकून रडली.

पण मित्रांनो, संकट संपलं नव्हतं. शेवंती दिवसभर कर्कश ओरडत होती, स्वतःचीच पिसं उपटत होती. गुरम्माने आणलेल्या नव्या, मोठ्या पिंजऱ्यातून माणिक बारीक आवाजात हाक मारे, आणि ती हाक गुरम्माच्या काळजाला चिरत जाई. बाराव्या दिवशी तिला राहवलं नाही. "नुसतं बाजूला तर बसू दे," असं म्हणून तिने माणिकचा पिंजरा माझ्या अगदी शेजारी आणून टेकवला. माणिक त्याच्या आंधळ्या बाजूने माझ्याकडे सरकला. त्याला शेवंती दिसलीच नाही. माझ्या तारेतून तिची चोच बाहेर आली आणि त्याच्या चांगल्या पायाचं नख निघालं.

गुरम्माने पिंजरा ओढून घेतला आणि ती जमिनीवरच बसली. "माझंच चुकलं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "त्याला न्हाय, मलाच एकटं वाटत हुतं. माझ्यापायी त्याला मार बसला." त्या दुपारी तिने चूल पेटवली नाही. मला वाटलं, आता ही दोघांनाही कोणाला तरी देऊन टाकेल आणि हे घर पुन्हा मुकं होईल.

तिने तसं केलं नाही. तिने बाहेरच्या खोलीच्या भिंतीत नवी खुंटी ठोकून घेतली आणि माणिकला तिथे नेलं. मशीनही उचलून तिकडेच ठेवलं, म्हणजे शेवंतीच्या खोलीत उजेड राहणार नाही. सात वाजले की ती माझ्याशेजारची खिडकी झाके. काही दिवसांनी शेवंतीने अंड्यांवर बसणं सोडलं. गुरम्माने मडकं काढलं आणि नेऊन फोडलं. हरभरे बंद झाले, कागद बंद झाले. दररोज दुपारी ती दार-खिडक्या लावून शेवंतीला खोलीत मोकळं सोडू लागली. पहिल्यांदा ती बंद पंख्याच्या पात्यावर जाऊन बसली, तेव्हा कितीतरी वेळ खालीच आली नाही. आषाढात तिची छाती पुन्हा पिसांनी भरली. किंचाळणं थांबलं.

श्रावणात बसू घरी आला. दोन खोल्यांत दोन पक्षी बघून म्हणाला, "अव्वा, आता गरीब झालीया की शेवंती. टाकू का दोघांना एकत्र?"

गुरम्मा त्याला हाताला धरून माणिकपाशी घेऊन गेली. माणिक दाणे टिपत होता. प्रत्येक दाण्यासाठी त्याला मान पूर्ण वळवावी लागत होती. डाव्या पायाने काठी धरता येत नसल्यामुळे गुरम्माने त्याच्यासाठी रुंद फळी बसवली होती.

"त्याचा पाय मोज," ती म्हणाली. "किती बोटं हायत ते मोज, आणि मग मला विचार."

बसूने मोजली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

मित्रांनो, आता माझ्यात शेवंती एकटीच राहते. तिचा स्वभाव तापट आहे, पण ती दुष्ट नाही, हे मी तिच्या वतीने सांगतो. तुम्ही घरी पक्षी आणणार असाल, तर माझ्याएवढ्या पिंजऱ्यात आणू नका. दोन आणलेत, तर आणखी एक रिकामा पिंजरा आधी तयार ठेवा, म्हणजे वेळ आली की एकाला तिथे नेता येईल. जोडी आहे म्हणून त्यांचं जमलंच पाहिजे, असा हट्ट धरू नका. आणि पिंजऱ्यातला पक्षी किंचाळू लागला, तर हसण्याआधी, फोन काढण्याआधी, एकदा खाली वाकून त्याच्या पायांकडे बघा.